तिच्या तोंडून नाव

दवाखान्यातली मुलगी काही वाकडं बोलली नव्हती. तिला कॉम्प्युटरवर रकाने भरायचे होते आणि ती ते भरत होती. वसुमती, वय छप्पन्न, राहणार मेल वीथी, तंजावर. नवऱ्याचं नाव विचारल्यावर आईने पिशवीतून आधार कार्ड काढून काचेखालून पुढे सरकवलं आणि मुलीने त्यावरून टाइप केलं. सोबत कोण आलंय? मुलगा. मुलाचं नाव? आईने पुन्हा पिशवीत हात घातला, पण तिथे त्याचं कार्ड नव्हतं. मग तिने वळून त्याच्याकडे पाहिलं. "सांग की रे, अंबी." मुलगी हसून तमिळमध्ये म्हणाली, "काय अम्मा, पोटच्या पोराचं नाव आठवत नाही?" बाकावरची चार माणसं हसली. आईसुद्धा हसली, सगळ्यांत जास्त तीच. त्याने नाव सांगितलं, सेतुमाधव. मुलीने शेवटी तमिळ वळणाचा एक न् जोडून ते टाइप केलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं. एवढंच झालं. पण आईच्या डोळ्यांत थेंब घातल्यावर ती डोळे मिटून बसली आणि तो तिच्याशेजारी तिची पिशवी मांडीवर घेऊन बसला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपल्याला चक्क वाईट वाटलंय. चोवीस वर्षांत आईने आपलं नाव एकदाही उच्चारलेलं नाही ही काही नवी बातमी नव्हती. घराला मागचं दार आहे हे जसं माहीत असतं तसं ते त्याला माहीत होतं. लागलं मात्र ते आत्ता, सोमवारी सकाळी अकरा वाजता, नेदरलँड्सला परत जायला चार दिवस उरले असताना. चोवीस वर्षांच्या घोड्याला असल्या गोष्टीचं वाईट वाटावं याची त्याला लाजही वाटली, पण तेवढ्याने वाईट वाटायचं थांबलं नाही.

कारण साधं होतं. ते नाव आजोबांचं. सून सासऱ्याचं नाव घेत नाही, मुलगा बापाचं नाव घेऊन पोराला रागावू शकत नाही, आणि आजीचा तर प्रश्नच नव्हता. म्हणून बारशाला कानात सांगितलेलं ते नाव लग्नातल्या चांदीच्या भांड्यासारखं पेटीत गेलं आणि वापरायला अंबी आला. मेल वीथीतली निम्मी मुलं अंबीच होती. शाळेत तो सेतु झाला. पूर्ण नाव राहिलं हजेरीपुस्तकात, आणि वर्षातून एक दिवस अप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, तोंडी. आजोबांच्या पहिल्या श्राद्धाला तो सतरा वर्षांचा होता. अप्पा पिंडावर तीळ सोडत होते, भटजी सांगत होते आणि अप्पा त्यांच्यामागून म्हणत होते. त्यात ते नाव आलं तेव्हा मागे पाटावर बसलेला तो दचकून ताठ झाला होता. अप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा त्याचं नाव घेतलं होतं, आणि ते त्याच्यासाठी नव्हतं. भाताच्या त्या गोळ्याकडे तो बराच वेळ पाहत राहिला. मग आई हळूच म्हणाली होती, अंबी, कावळ्याला ठेवून ये, आणि तो उठला होता.

उलट तिकडे, नेदरलँड्सच्या विद्यापीठात. तिकडच्या पहिल्या दिवसाची आठवण आली की त्याचे कान अजून गरम होत. अकरा जणांचा वर्ग, मधोमध एक लांब टेबल, खिडकीखाली कालवा. पाणी आणि माणसं असा काहीसा विषय. कुणी सफरचंद खात होतं, एकाने पाय खुर्चीवर घेतले होते. दार उघडून बाई आत आल्या आणि तो उठून उभा राहिला. एकटाच. खुर्ची मागे आपटली. बाकीचे दहा जण बसल्या जागेवरून त्याच्याकडे पाहू लागले आणि बाई दाराशी थांबून काळजीने म्हणाल्या, "तुम्ही निघालात का?" तो खाली बसला. त्यानंतर सगळ्यांनी आपापली नावं सांगितली. बाई म्हणाल्या, मी मराइके, मला मराइकेच म्हणा. आणि खरोखर सगळे म्हणायला लागले. मराइके, मला हे पटत नाही. मराइके, तू मागच्या तासाला उलट बोलली होतीस. साठीच्या, पांढऱ्या केसांच्या, तीस वर्षं शिकवणाऱ्या बाईला एकवीस वर्षांची पोरं असं म्हणत आणि ती वहीत टिपून घेई. त्याच्या घशातून ते नाव येईना. खोलीवर आरशासमोर येई, वर्गाच्या दारात अडकून बसे. मग त्याने आपल्यापुरती युक्ती काढली. बाईंची नजर फिरत फिरत आपल्यावर आली की बोलायचं. नजर आली नाही तर थांबायचं. मेल पाठवायचा तर 'गुड मॉर्निंग' एवढंच लिहून पुढे जायचं. फेब्रुवारीत एकदा नजर तीन आठवडे आली नाही. आणि त्याच तीन आठवड्यांत पूर आणि बांध यांवर वर्गात जे जे चुकीचं बोललं गेलं ते सगळं त्याला ठाऊक होतं. तो टाचण काढत राहिला आणि आतल्या आत भांडत राहिला.

आणि ती बाई मात्र त्याचं नाव घ्यायची. पूर्ण. सेतु चालेल असं त्याने सांगून पाहिलं होतं. "पण तुझं नाव तेवढंच नाही ना," ती म्हणाली होती. तिने कागदावर त्याचे चार तुकडे करून घेतले होते आणि तिसऱ्या आठवड्यात ती ते न पाहता म्हणायला लागली, से-तू-मा-दाव. ध चा द व्हायचा, पण चारही तुकडे हजर असायचे. तिचं बघून वर्गातली व्हिएतनामची लान म्हणायला लागली, मग सगळेच. कॅन्टीनमध्ये, सायकलींच्या गर्दीत, पावसात, लांबून कुणीतरी ते लांबलचक नाव ओरडायचं आणि तो वळायचा. पहिले काही दिवस वळताना त्याला वाटे की आजोबाच मागून येतायत. मग हळूहळू वाटेनासं झालं. एप्रिलच्या सुमाराला ते नाव त्याच्या अंगावर बसलं, धुतलेला नवा सदरा चार वापरांनी बसतो तसं. परक्या गावात, परक्या तोंडांनी ते त्याचं केलं. आणि हे आईला सांगावं असं त्याला फार वाटत होतं, पण सांगायचं तर नाव घेऊनच सांगायला हवं होतं, आणि फोनवर ती विचारायची, अंबी, जेवलास का.

थेंबांमुळे आईला धूसर दिसत होतं. रिक्षात ती त्याचं मनगट धरून बसली. "तू हललास तर मज कळावं म्हणून धरलंय," ती घरच्या तंजावरी मराठीत म्हणाली, आणि मग आपणहून, "त्या पोरीला काय कळणार. हसली बापडी." तो म्हणाला, "तू पण हसलीस." आई म्हणाली, "मग काय रडू?" रिक्षा राजवाड्याच्या भिंतीला वळसा घालून मेल वीथीत शिरली. तिचा हात उबदार होता आणि त्याला थेंबांच्या औषधाचा वास येत होता. हातावर हात ठेवावासा वाटला तरी त्याने ठेवला नाही, कारण मग ती विचारती की काय झालं.

काय झालं होतं ते बॅगेत होतं. विद्यापीठाचं छोटं रेकॉर्डर, त्याच्या तोंडावर स्पंजची टोपी, आणि सोबत दोन पानी सूचना. तिकडच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रत्येकाने आपल्या घरातल्या वडील माणसाला पाण्याबद्दल बोलतं करायचं, ते रेकॉर्ड करायचं आणि शब्दन् शब्द उतरवून द्यायचा. सूचना पाचवी अशी होती की बोलणाऱ्याने सुरुवातीला आपलं नाव सांगावं, आणि ज्या माणसाबद्दल तो बोलतोय त्याचंही नाव सांगावं, आपल्या तोंडून, मोठ्याने. हे का, ते मराइकेने एका तासाला समजावलं होतं. जुनी पाहणीची दप्तरं तिने भिंतीवर दाखवली. एक शेतकरी म्हणाला. एका म्हातारीने सांगितलं. पाट राखणारा कुणी एक. "हजारो माणसं," ती म्हणाली, "आणि एकालाही नाव नाही. या वर्गात बिननावाचं माणूस येणार नाही." त्याने ते वाक्य वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. त्या वेळी त्याला ते शंभर टक्के पटलं होतं. अजूनही पटत होतं, तोच तर घोटाळा होता.

मंगळवारी दुपारी अप्पा ओरत्तनाडूला, कचेरीत, होते. सहाच्या बसशिवाय ते येत नसत. आईने कुकर लावला, हात पुसले आणि ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळ पाटावर बसली. रेकॉर्डरकडे तिने कौतुकाने पाहिलं. "टोपी कां घातली त्याला?" "वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून." "एठ घरात कुठलं वारं," ती म्हणाली. त्याने बटण दाबलं. नाव सांग म्हटल्यावर तिने वसुमती असं शाळेतल्यासारखं सांगितलं. "आता आजोबांबद्दल सांगणार आहेस ना, तर त्यांचं नाव सांग." आईने उंबऱ्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मामंजी." "ते नातं झालं. नाव." "तुज ठाव अहे की. तूच सांग." "मी सांगून चालत नाही. तुझ्याच तोंडून पाहिजे." ती हसली, पदर ओढला, बसल्या बसल्या सरकून भिंतीला टेकली. "अय्यो, मज नक्को बाबा. तुझ्या बाईंना सांग, आमची आई वेडी अहे." तो म्हणाला, "तू आधी मामंजींबद्दल बोल. नावाचं मागून बघू."

मग ती बोलली, आणि इतकी बोलली की त्याला मध्ये काही विचारावं लागलं नाही. पापनाशमच्या पलीकडचं गाव, पाण्याच्या पाटाच्या शेवटाला असलेली सहा एकर, जिथे पाणी सगळ्यांचं झाल्यावर पोचायचं. ती एकोणीस वर्षांची, नवी. त्या वर्षी पाणी उशिरा आलं. रोपं पिवळी पडलेली. मामंजी रोज पहाटे पाटाच्या कडेने वर चालत जायचे, कुठवर आलं ते बघायला, आणि येऊन काही न बोलता पाय धुवायचे. तेराव्या दिवशी ते पाय न धुताच मागच्या दारी आले. "घरात सगळे मज अगो म्हणत. सासूबाई अगो, तुझे अप्पा तर काहीच नाही. मामंजी, तेन्नी एकटे पूर्ण नाव घेत. वसुमती. कधी वसू नाही, कधी अगो नाही. त्या दिवशी मागून बोलावलं, वसुमती, ये, बघ. मी पिठाच्या हाताने गेले. पाटाच्या तळाला भेगा होत्या, तेवढ्यातून पाणी हळू येत होतं. पुढे सगळा पालापाचोळा, मुंग्या, फेस. आमच्या पायांशी आलं. तेन्नी म्हणाले, पाय काढू नको, येऊ दे. सासरा आणि सून, दोघे तसेच उभे राहिलों पाण्यात." तिने पाय जवळ ओढून घेतले. "आईच्या घरून आल्यावर माझं नाव घेणारं तेवढं एकच माणूस होतं. ते गेल्यावर मज कोण वसुमती म्हणतंय? दवाखान्यातली पोरगी."

तरी त्याने विचारलंच, आणि पुढे कितीतरी वेळ त्याला त्या विचारण्याची चीड येत राहिली. "मग तू पण घे ना त्यांचं नाव, एकदा. ते गेले आता. नाव घेतल्याने आयुष्य कमी होतं म्हणतात, ते आता कुणाचं व्हायचंय?" आईने त्याच्याकडे पाहिलं. थेंबांचा अंमल उतरला होता, तिला स्पष्ट दिसत होतं. "तेन्नी गेले," ती म्हणाली. "नाव कुठे गेलं? ते तुझ्यावर अहे की." तेवढ्यात गच्चीवर पाणी पडायला लागलं. "मोटर!" आई ओरडली. "टाकी भरून वाहते, अंबी, धाव." तो धावला. जिन्याखालचं बटण दाबून वर गेला, गच्ची भिजली होती. कठड्याशी तो उगाच थोडा वेळ उभा राहिला, डोळे पुसले, नारळाच्या झावळ्यांपलीकडे मोठ्या देवळाचं शिखर पाहिलं, आणि खाली आला. आई पाटावर तशीच बसलेली होती. "कॉफी ऊन करू का?" तिने विचारलं. त्याने रेकॉर्डर बंद केलं. "कर," तो म्हणाला. नावाचं पुन्हा कुणी काढलं नाही.

संध्याकाळी तो लॅपटॉप उघडून बसला. सूचना पाचवीतून सूट मागायची तर बाईंना लिहायला हवं होतं. सवयीने गुड मॉर्निंग एवढंच लिहून त्याने हात थांबवला. आईला दुपारी त्याने किती सहज सांगितलं होतं, एकदा घे ना नाव. आणि आपण? एक सबंध वर्ष एका माणसाच्या वर्गात बसलो, तिने आपलं नाव तुकडे करून पाठ केलं आणि आपण तिला एकदाही हाक मारली नाही. पाप लागेल म्हणून नव्हे. तिचं आयुष्य कमी होईल म्हणूनही नव्हे. नुसतं घशातून येत नव्हतं, कारण ती मोठी होती आणि तिच्याबद्दल फार वाटत होतं. मार्चमध्ये तिने त्याला खोलीत बोलावून विचारलं होतं, "मी बघेपर्यंत तू थांबतोस. मी बघितलंच नाही तर?" तो म्हणाला होता, "तर थांबेन." ती हसली नव्हती. नुसती म्हणाली होती, "मग मलाच नीट बघायला हवं." हे आठवून त्याला एकाएकी इतकं भरून आलं की तो उठून पाणी पिऊन आला. आपण आपल्या आईचाच मुलगा आहोत, अगदी नखशिखांत, हे त्याला त्या घोटाबरोबर कळलं. मग त्याने गुड मॉर्निंग खोडलं आणि लिहिलं, प्रिय मराइके. पुढे लिहिलं की माझी आई माझ्या आजोबांचं नाव घेऊ शकत नाही. ती ते विसरलेली नाही. ती ते जपते आहे. तेच नाव माझं आहे, म्हणून माझंही घेत नाही. टेपवर ते नसेल. चालेल का? नाव बोलणाऱ्याने स्वतः सांगावं असं तुम्ही शिकवलंत आणि ते मला पटतं, तरीही मी विचारतो आहे.

बुधवारी सकाळी उत्तर आलेलं होतं. पहिली ओळ होती, तुझ्या मेलमध्ये माझं नाव पहिल्यांदा आलं, थँक यू, सेतुमाधव. दुसरी ओळ होती, अर्थातच चालेल, आणि त्या नियमाबद्दल मला पुन्हा विचार करावा लागेल, सप्टेंबरमध्ये वर्गात तूच हा विषय काढ, मी बघायची वाट बघू नकोस. त्याने ते दोनदा वाचलं आणि कानाला हेडफोन लावून टेप उतरवायला घेतली. स्वयंपाकघरात आईची भाकरी की डोसे, काहीतरी चाललं होतं. सगळं उतरवायचं होतं, दाराचे, भांड्यांचे आवाजसुद्धा, कंसात. तो उतरवत गेला. अगो. पालापाचोळा, मुंग्या, फेस. दवाखान्यातली पोरगी. त्याचा स्वतःचा तो प्रश्न, जो ऐकताना त्याने डोळे मिटले. ते तुझ्यावर अहे की. मग पाण्याचा आवाज, मोटर, धावणारे पाय. रेकॉर्डर चालूच राहिलं होतं. पाणी पडत होतं. मग कमी कमी होत थांबलं. कुकर एकदा फुसफुसला. पाट सरकल्याचा आवाज आला, जवळ. आणि मग आईचा आवाज, अगदी टोपीशी तोंड आणल्यासारखा, दबका.

"सेतुमाधवराव," ती म्हणाली. थांबली. श्वासाचा आवाज. मग राव गळून गेला. "सेतुमाधव." यात ध चा द झाला नव्हता. पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, चव बघावी तसं, "सेतुमाधव." आणि मग, जिन्यावर त्याची पावलं वाजायच्या आधी, पान वाढून आतून हाक मारतात तशी, ओढून, "सेतुमाधवा!"

"ओ!" तो म्हणाला.

मोठ्याने म्हणाला, कानात हेडफोन असल्यामुळे किती मोठ्याने ते त्याला कळलं नाही. आई उलथनं हातात घेऊन दारात आली. त्याने हेडफोन काढले. "मी कुठे बोलावलं, अंबी?" तिने विचारलं. "मला वाटलं," तो म्हणाला. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या त्या टोपीवाल्या यंत्राकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "वाटलं तर वाटलं," ती शेवटी म्हणाली. "आलंच अहे तर ये. डोसा निवतो." आणि ती आत गेली.

त्याने तेवढा तुकडा टेपमधून कापला आणि वेगळा करून आपल्यापाशी ठेवला. कापलेल्या जागी, सूचनेप्रमाणे, कंसात लिहिलं: इथे मिनिटभर बोलणं नाही, गच्चीवर पाणी पडत आहे. मग तो हात धुवायला उठला.